गप्पीची पाठ वाकते तेव्हा

नवी मुंबईत आपल्यातल्या काहीजणी कुर्ल्याच्या बाजारातून गप्पी आणून घरी पिल्लं वाढवतात. त्या विचारतात, पाठ वाकलेल्या माशाचं काय करायचं?

जन्मतः वाकडा असेल तर बहुधा नात्यातलेच नर-मादी जुळत आलेत. बाहेरचा नर आणा. खाद्याचा डबा फार दिवस उघडा राहिला तर त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व जातं, त्यानंही कणा वाकतो. पण धडधाकट मासा खंगत वाकू लागला, तर माशांच्या क्षयाची शंका घ्या. तो आपल्या हाताच्या जखमेतून कातडीत शिरतो, गाठी येतात, महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत. असा मासा स्वस्तात विकणं मला तरी पटत नाही. जखम असेल तर टाकीत हात घालूच नका. एरवीही हातमोजे घाला. आणि गाठ आलीच तर डॉक्टरांना टाकीचं आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या ध्यानात कसं यायचं?