ताल धरणाऱ्याची मजुरी



ब्लूज संगीताची चर्चा होते ती गायकाच्या नावाने. मागे बसून ताल धरणाऱ्याचे नाव क्वचितच निघते. म्हणून विली ‘बिग आइज’ स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन ड्रमवादकाच्या आयुष्याकडे आज श्रमाच्या दृष्टीने पाहू.

स्मिथ यांचा जन्म १९३६ चा, आर्कान्सातील हेलेना या गावचा. दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीयांप्रमाणे तेही उत्तरेकडे निघाले व सतराव्या वर्षी शिकागोला आले. तेथे मडी वॉटर्स यांचे गाणे ऐकले आणि ते तिथलेच झाले. आरंभी हार्मोनिका वाजविणारे स्मिथ पुढे ड्रमकडे वळून वॉटर्स यांच्या संचात आले. परंतु १९६० नंतरच्या दशकात पोटासाठी त्यांना टॅक्सीही चालवावी लागली. १९७७ च्या ‘हार्ड अगेन’ या ग्रॅमीविजेत्या ध्वनिमुद्रिकेतील ताल त्यांचाच.

या धंद्यात स्वामित्वधन मिळते ते शब्दांना आणि चालीला; तालाला बहुधा एकवेळची मजुरीच. १९८० साली पैशाच्या प्रश्नावरून स्मिथ व त्यांचे सहकारी वॉटर्स यांच्यापासून अलग झाले. वॉटर्स थोर कलावंत होते, स्वतः कापसाच्या मळ्यात राबलेले होते. तरीही हा प्रश्न सुटला नाही. व्यक्तीच्या चांगुलपणाने व्यवस्था बदलत नाही, ती अशी. सहकाऱ्यांनी मग ‘लेजंडरी ब्लूज बँड’ हा आपला संच उभारला.

२०११ साली, पंचाहत्तराव्या वर्षी, पाइनटॉप पर्किन्स यांच्यासह स्मिथ यांना स्वतःच्या नावावर ग्रॅमी मिळाली. त्याच वर्षी ते निवर्तले. सन्मान आला, पण फार उशिरा. कलेमागील मजुरीचा हिशेब मागणे ही कलेची अवहेलना नव्हे. तो कलावंताचा हक्क आहे.