फुगा वर का जातो?



जत्रेतील फुग्याची दोरी सुटली की आतला वायू त्याला वर ओढून नेतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वायू काहीच ओढीत नाही; फुग्याला वर लोटते ती भोवतालची हवा. रिकामी घागर पालथी धरून पाण्यात दाबली असता ती हाताला वर रेटते, त्यातलाच हा प्रकार. वस्तू जेवढी हवा बाजूस सारते तेवढ्या हवेच्या वजनाइतका रेटा तिला मिळतो. आर्किमिडीजचा नियम हवेलाही लागू आहे.

शून्य अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीवर, एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १,२९० ग्रॅम भरते. तेवढ्याच हायड्रोजनचे ९० आणि हेलियमचे १८० ग्रॅम. हेलियम दुप्पट जड, म्हणून त्याचा फुगा निम्मेच ओझे उचलील, असे हुशार विद्यार्थीही सांगून जातात. शिक्षकांनी येथे फळ्यावर वजाबाकी मांडावी. हायड्रोजनच्या वाट्याला १,२०० ग्रॅम येतात, हेलियमच्या वाट्याला १,११०. फरक शेकडा सात-आठ एवढाच!

या अल्प फरकासाठी हायड्रोजनचा धोका पत्करण्याचे कारण नाही. जाक शार्ल यांनी २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमध्ये हायड्रोजनचा फुगा सोडला, तेव्हा हेलियम कोणास ठाऊकच नव्हता; पृथ्वीवर तो रॅम्से यांना १८९५ साली सापडला. हेलियम पेट घेत नाही. हायड्रोजन मात्र हवेत शेकडा ४ ते ७५ या प्रमाणात मिसळला असता ठिणगीसरशी पेटतो. हायड्रोजनने भरलेले ‘हिंडेनबर्ग’ हे विमानपोत १९३७ साली अमेरिकेत पेटले आणि ३६ जण दगावले.

आपल्या जत्रांतून अडचण पैशाची आहे. भारताला हेलियम बहुतांशी परदेशातून आणावा लागतो, त्यामुळे तो महाग पडतो. म्हणून काही फुगेवाले जुन्या लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून जागेवरच हायड्रोजन तयार करतात. या क्रियेत उष्णता फार निघते, दाब झपाट्याने वाढतो आणि गंजलेली टाकी फुटते. तिच्या सर्वांत जवळ स्वतः फुगेवाला असतो आणि भोवती मुले. तेव्हा ग्रामपंचायतीने जत्रेची जागा नेमून देतानाच टाकीत वायू भरून आणला आहे की तेथेच बनविला जाणार आहे, याची विचारणा करावी. जागेवर बनविण्यास परवानगी देऊ नये. भरून आणलेली हायड्रोजनची टाकीही भजी-जिलेबीच्या भट्ट्यांपासून दूर, मोकळ्या जागी असावी.