मनाचा रोजमेळ



भाद्रपदात क्षमायाचना होते. आश्विन उजाडताच जुने हेवेदावे पुन्हा डोके वर काढतात. इस्लापूर परिसरात हे दिवस सोयाबीनच्या सुगीचे, कापूसवेचणीचे. शेतकऱ्यास भावाची चिंता, व्यापाऱ्यास उधारीची. दुकानाचा रोजमेळ नित्य लिहिला जातो. मनाचा मात्र कोराच राहतो.

आग्र्याचे जैन व्यापारी व कवी बनारसीदास यांनी इ. स. १६४१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र रचले. व्यापारातील तोटा, नऊ अपत्यांचा मृत्यू आणि स्वतःचे गुण-दोष त्यांनी निःसंकोचपणे नोंदविले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी यास अर्धी कथा म्हटले. पण उरलेली अर्धी त्यांना लाभली नाही. थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. हिशेब उद्यावर टाकला असता, तर तो राहूनच गेला असता.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, क्लेशदायक प्रसंग लिहावयास सांगितले. घटनेसह भावनाही लिहिणारे प्रथम व्यथित झाले. पुढील काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांहून कमी भरल्या.

प्रतिक्रमण म्हणजेही मागे वळून स्वतःकडे पाहणे. वहीत दुसऱ्याचे अपराध लिहिल्यास वैर वाढते. स्वतःचे क्रोध, मान, माया, लोभ लिहिल्यास ओझे उतरते. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, दिवाळीस, नव्या वह्यांचे पूजन होते. त्यांतील एक वही मनासाठी राखावी.

जय जिनेंद्र!