माळ्यावरचा नंदी

श्रावण सरत आला. निंदण एकदा आटोपलं की पोळ्याची लगबग सुरू होईल. पोळा श्रावणातल्या अमावस्येला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भातला तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात, तान्ह्या पोळ्याला लाकडाचे. चाकं लावलेल्या पाटावर उभा असलेला नंदी दोरीने ओढत पोरं घरोघरी जातात. बाया नंदीला कुंकू लावतात, ओवाळतात आणि पोरांच्या हातावर पैसे, खाऊ ठेवतात. त्याला आपण बोजारा म्हणतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते या नंदीबद्दलच. बाजारातून आणलेल्या नव्या नंदीबद्दल नाही, तर घरच्या माणसाने हाताने घडवलेल्या आणि आज माळ्यावर धूळ खात पडलेल्या नंदीबद्दल. कोकणातल्या, देशावरच्या मैत्रिणी ऐकत असतील तर त्यांच्या घरी नंदी नसेल, पण दुसरं काही असेल. आजीची लाकडी भातुकली असेल, गौरीचे जुने मुखवटे असतील, आजोबांनी केलेली चिमुकली बैलगाडी असेल. आमचं बोलणं त्यांच्यासाठीही आहे.

अशा वस्तू करणं हे आपल्या मातीत फार जुनं आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. तिथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. गेंडा आणि म्हैस यांच्या पायाखाली चाकं आहेत, अगदी आपल्या नंदीसारखी. या वस्तू साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. तान्हा पोळा मात्र नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केला असं सांगतात. लहान पोरांनाही बैलाची माया लागावी, हा त्यामागचा हेतू. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर तिथल्या मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्धच आहे.

आता आमच्या गटात काय झालं ते सांगतो.

आमचा गट अकरा जणींचा. दर शुक्रवारी संध्याकाळी समाजमंदिरात बैठक. मागच्या वर्षी पोळ्याच्या पंधरा दिवस आधी गावात एक गाडी फिरत होती. जुनी पितळी भांडी, जुने कोरीव दरवाजे, लाकडी नंदी, जे असेल ते विकत घेणारा माणूस होता. त्याच शुक्रवारी आमच्यातली एक ताई बैठकीला आली ती काखेत गाठोडं घेऊन. जुन्या लुगड्यात बांधलेलं. तिने ते मध्ये ठेवलं आणि म्हणाली, "माह्ये तीन हप्ते थकले. याचे पंधराशे देतो म्हणते तो गाडीवाला. इकून टाकते अन् भरते."

तिची अडचण आम्हाला ठाऊक होती. पाऊस लांबला, कपाशी उगवली नाही, दुबार पेरणी करावी लागली. बियाण्यातच हातचा पैसा गेला. महिन्याला ८०० रुपये हप्ता, तीन महिन्यांचे २,४०० रुपये थकलेले.

गाठोडं सोडलं. आत दीड वित उंचीचा नंदी. रंग कुठेकुठे उरलेला. एक शिंग तुटून पुन्हा तांब्याच्या तारेने बांधलेलं. एका चाकाचा आस छत्रीच्या काडीचा. आमच्यातल्या एकीने सहज विचारलं, "कोणी केला हा?" तेव्हा ती सांगू लागली. तिच्या आजेसासऱ्यांची एक बैलजोडी होती. त्यातला एक बैल गेला, पुढे त्या जोडीचं जूही मोडलं. आजेसासऱ्यांनी ते मोडकं जू चुलीत घातलं नाही. एका उन्हाळ्यात बसून त्यातूनच हा नंदी घडवला. ते काही सुतार नव्हते. म्हणून नंदीचे मागचे पाय जरा आखूड झाले आहेत, बघा.

मग तिने नंदी उलटा केला. पाटाच्या खालच्या बाजूला सात रेघा कोरलेल्या होत्या. घरातल्या ज्या पोराने पहिल्यांदा दोरी धरली, त्याची एक रेघ. सातवी रेघ तिच्या नवऱ्याची. त्यानंतर रेघ नव्हती.

कारण तिला दोन मुली.

आता मुलीही नंदी घेऊन निघतात, आमच्या गावातही निघतात. पण काही घरांत अजून ती पोराचीच रीत. तिच्या दिराने आधीच सांगून ठेवलं होतं, की वंशाला पोरगा माझ्याकडे आहे, नंदी माझ्या घरी यायला हवा. म्हणून ती म्हणाली, "माह्या घरी वढनारंच कोनी नाही. त्याईले देन्यापेक्षा इकलेला बरा. निदान हप्ता तरी फिटन."

तेव्हा आम्हाला कळलं, की गोष्ट फक्त हप्त्याची नाही.

आमच्यात एकमत नव्हतं, हे खरं सांगायला हवं. एक जण म्हणाली, कर्ज ते कर्ज, लाकडाकडे बघून गट चालत नाही. तीही चुकीचं बोलत नव्हती. नियमित परतफेड हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. आज एकीला सूट दिली तर उद्या दुसरी मागेल. पण आम्हाला आणखी एक गोष्ट आठवत होती. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका सदस्याने असाच नंदी विकायला काढला होता. तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, जुनं लाकूड ते, विकून टाका. तिने विकला. पुढे तिचा नातू तान्ह्या पोळ्याला विचारू लागला, आपला नंदी कुठे आहे? पैसे तर कधीच खर्च झाले होते. नंदी परत आणायचा तर तो कुठे गेला हेही ठाऊक नव्हतं. त्या वेळी आम्ही तिला किंमत विचारली होती, नंदी कोणी केला हे विचारलं नव्हतं.

म्हणून या वेळी आम्ही आधी हिशेब मांडला. नंदी विकूनही २,४०० पैकी १,५०० च येणार, म्हणजे ९०० रुपये थकबाकी राहणारच. मग आम्ही ठरवलं, की थकलेली रक्कम सहा महिन्यांत फेडायची. दर महिन्याच्या हप्त्यासोबत ४०० रुपये जास्त. व्याज नेहमीचंच, माफी काही नाही. तसा ठराव इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. आधी नाही म्हणणारीनेही केली. ती ताई गाठोडं बांधून घरी घेऊन गेली.

पुढचं तिच्या घरी ठरलं, आम्ही फक्त बघितलं. तिच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी नंदी मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "मी पन लहानपनी माह्या बापाच्या नंदीमांगं धावली. दोरी मातर कोनी हाती देली नाही." एवढंच बोलल्या. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मुलींच्या वडिलांनी खिळा तापवला आणि पाटाखाली दोन रेघा काढल्या. एक थोरलीची, एक धाकटीची. दिराने त्या दिवशी दार उघडलं नाही. त्यांचा मुलगा मात्र मागून पळत आला आणि चौकापर्यंत त्यानेही दोरी धरली. दीर अजून नीट बोलत नाहीत. हप्त्याचं म्हणाल तर तो ठरल्याप्रमाणे फिटला, एक महिना तेवढा मागेपुढे झाला.

मैत्रिणींनो, जुनं काही विकूच नये असं आम्ही म्हणत नाही. घरात दवाखाना निघाला, पोरीची फी भरायची असली तर विकावं लागतं, त्यात लाजायचं काही नाही. पण विकण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे केलं कोणी? आणि दुसरी वाट आहे का? तिसरा प्रश्न घरच्यांना विचारा: हे फक्त पोराचंच का? शेताच्या वाटणीवर आपण बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण हाताने केलेल्या वस्तूची वाटणी सातबाऱ्यावर येत नाही. ती कोणाच्या हाती द्यायची हे घरातच ठरतं, आणि तिथे आपण बायाच गप्प बसतो.

आता थोडं जपणुकीबद्दल. गावातल्या जुन्या सुतारकाकांना विचारून आणि स्वतः चुका करून आम्ही हे शिकलो.

नंदी पाण्याने धुवू नका. मऊ सुती फडक्याने किंवा जुन्या मऊ ब्रशने धूळ झटका. कडक उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आत ओल कोंडून बुरशी येते. जुनं सुती लुगडं सगळ्यात चांगलं. भिंतीला किंवा जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी तिथूनच चढते. लाकडाला बारीक भोकं दिसली आणि खाली पिठासारखा ताजा भुगा पडत असला, तर आत किडा जिवंत आहे असं समजा. ती वस्तू बाकीच्या लाकडापासून वेगळी ठेवा आणि सुताराला दाखवा.

रंग नसलेल्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि जास्तीचं तेल पुसून घ्या. पण एक लक्षात ठेवा, त्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा. जुन्या रंगावर नवा ऑइलपेंट फासू नका. आमच्यातल्या एकीने हौसेने चकचकीत लाल रंग दिला आणि आजोबांनी काढलेली नक्षी त्याखाली कायमची गेली. तुटलेलं शिंग, निघालेलं चाक फेकू नका. डबीत घालून नंदीजवळच ठेवा.

आणि सगळ्यात सोपं काम म्हणजे एक कागद लिहा. कोणी केला, कशाचा केला, कोणाकोणाच्या हातून गेला. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्याकडून मोबाईलवर बोलून घ्या. लाकूड शंभर वर्षं टिकेल, पण सांगणारं माणूस तेवढं टिकत नाही.

ज्यांच्या घरी नंदी नाही त्यांनी गावातल्या सुताराकडून नवा करून घ्या. आमच्या गटाने या वर्षी सुतारकाकांना दहा नंदी करायला सांगितले आहेत. झुली आम्ही शिवतो आहोत, आठवडी बाजारात विकणार आहोत. नव्या नंदीतून कमाई होऊ द्या, जुना घरात राहू द्या.

आमच्या गावात आता बैलजोड्या बोटावर मोजण्याएवढ्या राहिल्या आहेत. बहुतेकांकडे ट्रॅक्टरनेच काम होतं. खऱ्या बैलांच्या पाठीवरून हात न फिरवलेली पोरं आपल्या घरात वाढत आहेत. त्यांच्या हाती दोरी द्यायची तर आधी माळ्यावर चढावं लागेल. तेव्हा या रविवारी शिडी लावा, गाठोडं खाली काढा, पोरापोरींना जवळ बसवा आणि नंदी उलटा करून बघा, खाली काही कोरलेलं आहे का. नसेल तर या वर्षापासून सुरू करा.