कांपोंग क्डेईचा जुना पूल

कंबोडियास जाणारा प्रवासी अंगकोरची मंदिरे पाहून तृप्त होतो आणि परत फिरतो. परंतु सिएम रीप शहराच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरांवर, सहा क्रमांकाच्या हमरस्त्यालगत, कांपोंग क्डेई या बाजारगावी जो दगडी पूल आहे, त्याच्यासाठी अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा, अशी माझी आपणांस शिफारस आहे.

ख्मेर राजा सातवा जयवर्मन याच्या अमदानीत, बाराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला, असे मानतात. लांबी सुमारे ८५ मीटर आणि कमानी विसाहून अधिक. त्याचे मर्म कळण्यास मात्र नदीच्या पात्रात उतरून कमानीच्या पोटात डोकावले पाहिजे. आपल्या घाटांतील जुन्या पुलांच्या कमानींत पाचरीसारखे घडीव दगड एकमेकांस रेटून धरतात. ख्मेर गवंड्यांनी ती रीत अंगीकारलीच नाही. आडव्या थरांवर थर रचीत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित पुढे काढीत, दोन्ही बाजू माथ्यावर भेटेपर्यंत ते चढत गेले. हेमाडपंती देवळांची छते ज्यांनी मान वर करून न्याहाळली आहेत, त्यांस ही युक्ती अपरिचित वाटणार नाही. अशा कमानीस रुंद अंतर पेलत नाही, म्हणून खांब जाड आणि दाट, व नदीस वाट चिंचोळी! पावसाळ्यात पाण्याची ही अडवणूक म्हणजे दोषच. पण आठशे वर्षे टिकलेल्या कामास नावे ठेवताना आपलीच जीभ अडखळते.

खांबावर हात फिरवला आणि मी चमकलो. तांबूस, सच्छिद्र, खरखरीत असा तो दगड म्हणजे आपल्या कोकणातला जांभाच! खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर पडला की घट्ट. ख्मेर लोक त्यास ‘भाजलेला भात’ म्हणतात, आणि ती भोके पाहता नाव अगदी चपखल आहे. कठडे मात्र वालुकाश्माचे. कठडा म्हणजे नागाचे लांबलचक शरीर, आणि टोकाशी अनेक फणांचा उभारलेला पंखा.

हा पूल एकाकी नव्हता. अंगकोर या राजधानीतून निघणाऱ्या राजमार्गावरचा तो एक दुवा होता. ११९१ सालच्या प्रेह खान मंदिरातील संस्कृत शिलालेखात मार्गांवरील १२१ विश्रामगृहांची नोंद आहे. त्याच राजाच्या ता प्रोहम मंदिरातील लेखात १०२ आरोग्यशाळा मोजल्या आहेत. मंदिरांतून राजाची भक्ती दिसते. त्याचा बंदोबस्त पाहावयाचा तर तो या पुलावरच.

अवजड वाहनांसाठी आता शेजारून नवा रस्ता काढला आहे. जुन्या पुलावरून पादचारी, सायकलस्वार आणि मोटारसायकली आजही जातात. आपण गेलात तर मोटार अलीकडेच सोडा आणि पलीकडे पायी जा.