हळू गा म्हणू नका

नायगावच्या चाळीतल्या आम्ही भजनी मंडळाच्या बायका आज पॅट्रिशिया रोझारिओ यांच्याविषयी बोलणार आहोत. त्यांचा जन्म १९६० सालचा, आपल्याच मुंबईतला. पाश्चात्त्य गाणं शिकायला त्या लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत गेल्या, तिथलं सुवर्णपदक मिळवलं आणि ऑपेरात गाऊ लागल्या.

त्या बरोक संगीतही गातात, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं. त्या काळच्या हँडलच्या कितीतरी गाण्यांत पहिला भाग शेवटी पुन्हा येतो. तेव्हा तो जसाच्या तसा गायचा नसतो, गायिकेनं आपल्या हरकती घालायच्या. आम्हाला नवल वाटलं. अभंगाच्या धृपदावर परत येताना आम्ही तरी दुसरं काय करतो?

पण हरकतीला दमसास लागतो, दमसासाला रोजचा रियाज. आणि आमच्या एका खोलीच्या घरात मुलीनं सूर लावला की आम्हीच म्हणतो, ‘हळू गा, शेजारी ऐकतात.’

रोझारिओबाई २००९पासून भारतात येऊन इथल्या तरुण गायकांना शिकवू लागल्या. आमच्या हातात तेवढं नाही. पण मंडळानं ठरवलंय, संध्याकाळी सहा ते सात कुणाची मुलगी गात असेल, तर भिंत ठोकायची नाही. तुमच्या चाळीतही ठरवा.