दूरसंवेदन आणि आपले गावठाण
(माजिवडा येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७६ साली साधनसंपत्ती अभियांत्रिकी अध्ययन केंद्र स्थापन झाले. उपग्रहचित्रांवरून भूमीची परीक्षा करण्याचे शास्त्र तेथे शिकविले जाते. हिरवे पान अवरक्त किरण परतवून देते, पाणी ते शोषून घेते. या भेदावरूनच ठाण्याच्या खाडीकाठचे तिवरांचे रान पाण्यापासून वेगळे ओळखता येते.

१९८८ साली सोडलेल्या आय. आर. एस. १-ए या उपग्रहाच्या अधिक सूक्ष्म चित्रातही एकेक ठिपका सुमारे ३६ मीटर लांबीरुंदीचा होता. तेवढ्यात गावठाणातील कित्येक घरे व बोळ एकरूप होऊन जात. २००७ च्या कार्टोसॅट-२ ने तो ठिपका एका मीटरच्या आत आणला. आता घर दिसते. परंतु ते कोणाचे, वाट वहिवाटीची की खाजगी, हे उपग्रह सांगत नाही. त्याचा पडताळा जमिनीवरच घ्यावा लागतो. आणि जे नकाशावर चढत नाही, ते कचेरीत सिद्ध करणे कठीण जाते.

म्हणून आपल्या मुलामुलींनी हे शास्त्र अवश्य शिकावे, एवढी विनंती.